खोली मिळाली, मंगळवार गेला

मंगळवारी सकाळी आमच्या घरी वाटीभर कच्चे शेंगदाणे काढून ठेवलेले असत. भाजलेले चालत नसत, कारण भाजलेले माझी बहीण खाऊन टाकायची. कच्चेही खायची, पण जरा कमी.

बहीण दहा वर्षांची आहे. तिला जन्मापासून फार थोडं ऐकू येतं. दोन्ही कानांमागे मशीनं आहेत, एका शिबिरात मिळालेली. चष्मा लावला की दिसायला लागतं, तसं मशीन लावलं की ऐकू यायला लागेल असं आम्हाला वाटलं होतं. तसं होत नाही. मशीन फक्त आवाज मोठा करून आत सोडतं. ताट पडल्याचा, आईच्या हाकेचा, बाहेर बाबांची पिकअप सुरू झाल्याचा, सगळेच मोठे. त्यातला कुठला कशाचा, हे कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं, वर्षानुवर्षं. ते शिकवायला दर मंगळवारी बाई यायच्या.

बाई म्हणजे सरकारच्या फिरत्या विशेष शिक्षिका. जुन्नरहून स्कूटीवर यायच्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, हेल्मेट काढलं की केस चप्प बसलेले. कंत्राटावर होत्या, दरवर्षी नवी ऑर्डर निघायची. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात, पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी त्या बहिणीला घेऊन बसायच्या. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठ्याचा पंखा धरायच्या आणि त्याच्याआडून एकेक आवाज काढायच्या. ‘आ’. ‘ऊ’. ‘म’. ‘स’. ऐकू आलं की बहिणीनं एक शेंगदाणा उचलून रिकाम्या डब्यात टाकायचा. नाही ऐकू आलं तर टाकायचा नाही. एवढाच खेळ.

सुरुवातीला आई समोर बसायची. बहीण सगळे शेंगदाणे बरोबर टाकायची आणि आईला वाटायचं, पोरगी किती हुशार! एकदा बाई हसायला लागल्या.

“ताई, ती ऐकत नाहीये. ती तुमच्या तोंडाकडं बघतीय. मी आवाज काढला की तुमच्या भुवया वर जातात.”

“माज्या?” आई म्हणाली. “मी तर दगडासारखी बसलीय.”

“तुम्ही बाहेर बसा.”

तेव्हापासून आई मंगळवारी शाळेच्या नळापाशी उभी राहायची, पाठ करून.

आमचं गाव नारायणगावजवळच, वारूळवाडी ओलांडून थोडं आत. बाबा पिकअपमधून टोमॅटोचे कॅरेट मार्केटला पोचवतात. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. बहिणीची वेळ आली तेव्हा त्याच शाळेत गेले. मी सोबत होते. तिथल्या मॅडम फार गोड बोलल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही. घरी आल्यावर बाबांनी आईला सांगितलं, “जागा भरल्यात.” मी काही बोलले नाही. मी एकूणच कमी बोलते, आणि बोलले तरी हळू. घरात सगळ्यांत हळू बोलणारी मी आणि सगळ्यांत कमी ऐकू येणारी ती. आमचं दोघींचं बोलणं बहुतेक हातांनीच चालायचं.

तरी मंगळवारांनी तिला खूप काही दिलं. मागून हाक मारली तर ती वळायला लागली होती. आईला ‘आई’ म्हणायची, पाण्याला ‘पाई’. कुकरची शिट्टी ऐकून स्वयंपाकघराकडे बोट दाखवायची आणि आम्ही कौतुक केलं की शिट्टी नसतानाही दाखवायची.

गेल्या वर्षी जूनमध्ये बाई घरी आल्या. त्या कधी घरी येत नसत. चहा घेतला आणि म्हणाल्या, “डोंगराकडच्या शाळांची बाई सोडून गेली. तिची जागा भरलेली नाही. तिकडचं कामही मला दिलंय. घोडेगाव, डिंभं, वर आहुप्यापर्यंत. मंगळवार तिकडं गेला.”

“मग हिकडं कोन?” आईनं विचारलं.

“इकडंही मीच. जमेल तेव्हा.”

“जमल तवा म्हंजी कवा?”

बाईंनी कपात बघितलं. चहा संपलेला होता.

त्या गेल्यावर बाबा म्हणाले, “गप बसायचं नाय. मी बगतो.”

आमच्याकडे ‘बघतो’ म्हणजे काय, ते ठरलेलं आहे. साहेबांना गाठायचं. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. आणि साहेबांना नुसतं जाऊन भेटायचं नसतं, त्यांचा सत्कार करायचा असतो. ते कशाच्या तरी उद्घाटनाला येतात, तेव्हा स्टेजवर जायचं, शाल-नारळ द्यायचं, फेटा बांधायचा आणि माइक हातात असतानाच मागायचं. सगळ्यांसमोर मागितलं की त्यांना सगळ्यांसमोर ‘हो’ म्हणावं लागतं. गावातला रस्ता, व्यायामशाळा, दशक्रिया घाट, सगळं असंच मिळालेलं.

त्या पावसाळ्यात आमच्या गावाची स्वागत कमान पूर्ण होत होती. हायवेवरून आत वळताना दोन दगडी खांब, वर सोनेरी अक्षरं, रात्री रंग बदलणारे दिवे. तिच्या उद्घाटनाला साहेब येणार होते. बाबांनी सरपंचांना सांगितलं, सत्कार मी करणार. सरपंच त्यांचे शाळेतले मित्र. आदल्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

“काय मागनार हाईस, भाऊ?”

“बाई. आमचा मंगळवार परत पायजे.”

सरपंचांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. “मानूस मागू नको राव.”

“का?”

“मानूस मागितला की साहेब म्हननार, पाठपुरावा करतो. खोली मागितली की म्हननार, दिली. बांधकामाचा निधी येगळा, पगाराचा येगळा. बांधकामाला फंड लई हाये. आन् पगाराचं कुनी उद्घाटन करतं व्हय? फीत कुटं लावायची, बाईच्या गळ्यात?”

बाबा हसले. आईही दारामागून हसली.

“आदी खोली घे,” सरपंच म्हणाले. “खोली झाली की तिच्यासाटी मानूस द्यावाच लागतो सरकारला. रिकामी ठेवून कसं चालंल?”

ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि आम्हालाही ते पटलं. मी ग्रॅज्युएट झालेली, नारायणगावात औषधाच्या दुकानात कॉम्प्युटरवर बिलं करणारी, मलाही पटलं.

दुसऱ्या दिवशी मांडवात सगळं गाव होतं. बाबा मार्केटमध्ये चार गाळ्यांपलीकडून हाक मारतात, पण माइकसमोर त्यांचा आवाजच फुटेना. “साहेब,” ते म्हणाले, “आमच्या पोरीसारक्या पोरांना शाळंत एक खोली मिळावी.” बस, एवढंच. टाळ्या पडल्या. बहिणीनं इकडेतिकडे बघितलं आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.

साहेबांनी तिला जवळ बोलावलं. खाली वाकून विचारलं, “बाळ, नाव काय तुझं?” तिनं माझ्याकडे बघितलं. मी स्टेजखालून ओठ हलवले, आणि तिनं माइकमध्ये नाव सांगितलं, तिच्या पद्धतीनं, जाड, अर्धं गिळलेलं. स्पीकर कर्कश वाजला, तसं तिनं दोन्ही कान दाबले. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, मी अगदी जवळून बघत होते. त्यांनी तिथल्या तिथं खोली जाहीर केली.

खोली झालीही पटापट. दिवाळीनंतर पाया, जानेवारीत रंग. शाळेच्या मैदानाच्या कडेला गुलाबी खोली, गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या, भिंतीवर फुलपाखरं आणि हसणारा सूर्य. दाराशी उतार, त्याला स्टीलचा कठडा. दारावर पाटी: ‘दिव्यांग विद्यार्थी संसाधन कक्ष’. उद्घाटन मंगळवारी ठेवलं होतं, त्यामुळे बाई येऊ शकल्या नाहीत. फीत बहिणीनं कापली. तिच्या हातात कात्री आणि डोक्यावर साहेबांचा हात, असा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत लावलेला आहे.

त्यानंतर एका शनिवारी बाईंना जमलं. त्या हौसेनं नव्या खोलीत बसल्या, पंखा धरला, ‘म’ म्हणाल्या. बहिणीनं शेंगदाणा टाकला नाही. ‘आ’ म्हणाल्या. तरी नाही. बहीण गोंधळून भिंतींकडे बघत होती. बाईंनी एक टाळी वाजवली आणि थांबल्या. टाळी बराच वेळ खोलीत फिरत राहिली.

“घुमतंय,” त्या म्हणाल्या. “फरशी, काच, मोकळ्या भिंती. मलाच माझा आवाज नीट ऐकू येईना, मशीनमधून हिला काय येणार? जाड पडदे लागतील. खाली सतरंज्या.”

हेडमास्तर दारात उभे होते. बिचारे म्हणाले, “बाई, खोली इमारतीच्या निधीत बसते. पडदे कुठल्याच निधीत बसत नाहीत. मी विचारून पाहिलं.” मग त्यांनी स्वतःच बाईंची बसायची सतरंजी उचलून पुन्हा व्हरांड्यात, पोत्यांशेजारी आणून टाकली.

पुढच्या शनिवारी बाईंना जमलं नाही. त्याच्या पुढच्याही. खोलीला कुलूप लागलं.

बहीण मागे जायला लागली. हे एका दिवसात कळत नाही. आधी तिनं कुकरकडे बोट दाखवणं सोडलं. मग मागून हाक मारली की वळेना. मग शाळेतून आल्यावर मशीन काढून डबीत ठेवायला लागली, आणि काही दिवसांनी शाळेत जातानाही डबीत. वर्गात ती फळ्यावरचं उतरवून घ्यायची. अक्षर इतकं सुंदर, की तिला काही कळत नाहीये हे कुणाच्या लक्षात येत नसे.

मार्चमध्ये एकदा आई तिला मागून हाका मारत होती आणि ती आपल्याच नादात अंगणाबाहेर, रस्त्यावर निघाली होती. ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून बरं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

“साहेबाला फोन करतो,” ते म्हणाले. “बाईंचा मंगळवार हिकडं लावून घेतो. खोली त्येंनीच दिलीय. रिकामी ऱ्हायली तर नाक त्येंचंच जातंय. आता ते न्हाई म्हनायचे न्हाईत.”

ते खरं होतं. आता आमच्या हातात काहीतरी होतं.

“आदी बाईंला इचारा,” आई म्हणाली. “वरनं फोन गेला आन् बाईंला तरास झाला तर? पोरगी त्येंच्या हाताखालीच शिकनार हाये.”

माझ्या दुकानाची सुट्टी मंगळवारी असते. म्हणून मी गेले, बहिणीला घेऊन. नारायणगावहून मंचरपर्यंत जीप, मंचरहून घोडेगाव, पुढे एसटी. धरणाच्या पाण्याकडेनं गाडी वर चढायला लागली तशी बहीण खिडकीला चिकटून बसली. आहुप्याच्या अलीकडे बाईंच्या मंगळवारच्या शाळेपाशी उतरलो. कौलारू शाळा, दोन वर्ग, समोर शेणानं सारवलेलं अंगण. अंगणात एक बाई आमच्याकडे पाठ करून उभी होती. नऊवारी आवळून नेसलेली, हातात रिकामी पिशवी. तिला बघून मला नळापाशी उभी असलेली आईच आठवली.

आतल्या भिंतीशी आमच्या बाई बसल्या होत्या, तोच पुठ्ठ्याचा पंखा घेऊन. समोर सहा-सात वर्षांची मुलगी, कानांमागे मशीन. तिच्या पुढ्यात शेंगदाणे नव्हते, हिरडे होते. तिकडची माणसं रानातून हिरडा गोळा करून विकतात, तो घरोघरी असतो. आणि तो इतका तुरट, की कुणी तोंडात टाकत नाही. माझ्या बहिणीनं लगेच एक टाकला आणि थुंकला. ती मुलगी खदाखदा हसली.

बाई आम्हाला बघून उठल्या नाहीत. नुसता हात वर केला, थांबा. पंख्याआडून ‘ब’ म्हणाल्या. मुलीनं हिरडा उचलला. हात डब्यावर नेला आणि तसाच धरून ठेवला. बराच वेळ. मग सोडला. ‘टण’ झालं.

अंगणातली बाई गर्रकन वळली. पुन्हा पाठ फिरवायची तिला आठवणच राहिली नाही.

खेळ संपल्यावर ती माझ्याजवळ आली. “पावणं कुटलं?”

मी सांगितलं.

“लई लांबून आलात. ही बहीन का? बोलती का ती?”

“थोडं थोडं.”

“किती वरसं लागली?”

“अजून लागतायत.”

“आमचा मंगळवार तर आत्ता कुटं सुरू झालाय,” ती म्हणाली. “आदी सगळी म्हनायची, येडी हाये पोर. आवंदा पयल्यांदा वळून बगितलं तिनं. मी दळत व्हते, ‘ये’ म्हनले, तर आली की वो.”

तिनं मला कोरा चहा दिला. ‘आमचा मंगळवार’ असं आपण सोडून दुसरं कुणी म्हणत असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

बाई हात धुऊन आल्या. “घरून निरोप असणार,” त्या म्हणाल्या. “साहेबांना फोन करायचाय, होय ना?”

मी मान हलवली.

“करू दे. ऑर्डर आली की मी येईन. माझी नोकरी दरवर्षी नव्यानं मिळते, मी नाही म्हणू शकत नाही. आणि तुझ्या बहिणीचा हक्क आहेच.”

“मग ही?” मी त्या मुलीकडे बघितलं.

“ही जमेल तेव्हा.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. “माझे दिवस तेवढेच आहेत. एकाचा काढल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही.”

बहीण एव्हाना त्या मुलीच्या कानांमागची मशीनं तपासत होती आणि ती मुलगी बहिणीच्या डबीतली. बाईंनी दोघींना शेजारी शेजारी बसवलं, बहिणीची मशीनं डबीतून काढून कानांना लावली आणि पंखा माझ्या हातात दिला. “बस मागं. म्हण.”

मी ‘म’ म्हणाले. कुणीच हिरडा टाकला नाही.

“मला ऐकू आला नाही, त्यांना कसा येईल? मोठ्यानं.”

मी पुन्हा म्हणाले.

“अगं, लायब्ररी नाहीये ही. मोठ्यानं!”

तिसऱ्यांदा मी ओरडलेच. शेजारच्या वर्गातलं पाढे म्हणणं बंद पडलं, अंगणातली कोंबडी उडाली, आणि दोन हिरडे एकदम डब्यात पडले. माझे कान तापले होते. बहीण वळून माझ्याकडे बघत होती. हा आवाज माझा आहे, हे तिला खरं वाटत नसावं.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा फोन हातात धरूनच बसले होते. “काय म्हनल्या? लावू का?”

मी सगळं सांगितलं. ती मुलगी, हिरडे, अंगण. आई मेथी निवडत होती. तिनं एकच विचारलं.

“तिची आय भाईर उबी व्हती म्हनती?”

“हो. पाठ करून.”

आई मेथी निवडतच राहिली. काड्या संपल्या तरी तिची बोटं चालू होती. मग बाबांना म्हणाली, “ऱ्हाऊ द्या फोन. करायचाच असंल तर दुसरी बाई मागा.”

“आगं, दुसरी बाई म्हंजी पाठपुरावा.”

“मग करा की पाठपुरावा.”

बाबा करतात. सरपंचही सोबत जातात, आणि खोली सुचवल्याचं त्यांच्या मनाला लागलंय, ते बोलत नाहीत पण दिसतं. साहेबांच्या ऑफिसात आता दोघांना ओळखतात, बसायला खुर्ची देतात. पद मंजूर आहे, भरती थांबलीय, असं सांगतात. मागच्या खेपेला विचारलं, कमानीला अजून काही पाहिजे का?

मी काही शिक्षिका नाही. मी सांभाळते आहे म्हणून सगळं भागलं, असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. बाई एका तासात जे करायच्या ते मला महिन्यात जमत नाही. ‘स’ आणि ‘श’ तिला वेगळे ऐकू येतात की नाही, हे अजून माझ्या लक्षात येत नाही. पण मंगळवारी माझी सुट्टी असते आणि हेडमास्तर किल्ली देऊ का म्हणतात. मी नको म्हणते. आम्ही खोलीत जात नाही, बाहेर उतारावर बसतो. तिथं आवाज घुमत नाही. ती वर बसते, पुढ्यात वाटी आणि डबा. मी मागे, वहीचं कव्हर तोंडासमोर धरून.

सुरुवातीला येणारेजाणारे थांबून बघायचे. “काय झालं ओ ताई, एवढं वरडताय?” आता सवय झालीय. त्यांनाही आणि मलाही.

परवा मी ‘आ’ म्हणाले आणि तिनं शेंगदाणा टाकला नाही. मी आणखी मोठ्यानं म्हणाले. तरी नाही. मला वाटलं, गेलं हेही. मी पुढे वाकून बघितलं, तर तिचा गाल फुगलेला होता आणि वाटी रिकामी. तिला माझे दोन्ही ‘आ’ ऐकू आले होते, टाकायला काही उरलं नव्हतं. मी रागावून तिचं नाव घेतलं, मागूनच, कव्हरही न काढता. ती दचकून वळली, आणि तिच्या मांडीवर सांडलेला, तिलाही न दिसलेला एक शेंगदाणा उतारावरून घरंगळत खाली गेला. तो पकडायला आम्ही दोघी धावलो.